हात्सुए पुसायची तो आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. मी रस्त्याच्या वळणावरचा आरसा आहे. नारिंगी लोखंडी खांब, त्याच्या टोकाला परातीएवढं गोल तोंड आणि वर टोपीसारखी नारिंगी पट्टी, एवढंच माझं अंग. एकतीस वर्षं मी एकाच जागी उभा आहे. माझ्या पाठीशी समुद्र आहे. समोर मिकान संत्र्यांची टेकडी आहे. त्या टेकडीवरून एक अरुंद गल्ली उतरते आणि बरोबर माझ्यासमोर किनाऱ्याच्या रस्त्याला मिळते. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत. गल्लीतून उतरणाऱ्याच्या उजवीकडचा रस्ता सरळ आहे, तो तोंडाशी आलं की दिसतो. डावीकडे वळण आहे, तिकडचं काही दिसत नाही. ती डावी बाजू दाखवायची, हे माझं काम.

माझं पोट जरा पुढे आलेलं आहे. कारखान्यात मला तसंच घडवलं. सपाट आरशात माणसाला स्वतःचं तोंड दिसतं. पोट पुढे असलं की कोपऱ्यामागचंही दिसतं. पण त्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझ्यात सगळं लहान दिसतं, म्हणून ते आहे त्याहून लांब वाटतं. गाडी अगदी जवळ आलेली असते आणि माझ्यात बघणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे.

मी इथे आलो तो हात्सुएमुळे. गल्लीच्या वरच्या टोकाला तिचं घर. तिचा नवरा तोकुजी संत्र्यांची बाग करायचा आणि एक छोटा पांढरा ट्रक चालवायचा. एका सकाळी तो ट्रक गल्लीतून सुसाट निघाला आणि पोस्टमनच्या दुचाकीला घासला. पोस्टमनला खरचटलंसुद्धा नाही, पत्रं तेवढी समुद्रापर्यंत उडाली. पण हात्सुए घाबरली. तिनं एक अर्ज लिहिला आणि वस्तीतल्या एकोणीस घरांचे शिक्के, आमच्याकडे सहीऐवजी मारतात ते, गोळा करायला निघाली. हे सगळं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. एका घरातले काका शिक्का हातात धरून म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सावकाश चालवायला सांग, आरसा लागणारच नाही."

"काका, ते मला वीस वर्षांत जमलं नाही," हात्सुए म्हणाली. "आरसा लवकर मिळेल."

काकांनी शिक्का मारला. तीन महिन्यांनी नगरपालिकेची माणसं आली, खड्डा खणला, आणि मी उभा राहिलो.

नगरपालिकेनं मला बसवलं खरं, पण सांभाळलं हात्सुएनं. समुद्राजवळ राहणाऱ्या आरशाचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. वारा सुटला की खारे तुषार उडतात, माझ्यावर बसतात, वाळतात, आणि माझं तोंड पांढरट होतं. त्यावर धूळ बसते. कोळी तर टोपीखाली कायमचेच भाडेकरू. हात्सुए रोज सकाळी एक प्लास्टिकचा क्रेट, एक बांबू आणि बादली घेऊन यायची. बांबूच्या टोकाला जुन्या टॉवेलचं फडकं बांधलेलं असायचं. क्रेटवर चढून ती मला आधी ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या. पुसताना बोलायची. कालच्या आमटीत मीठ जास्त झालं, मुलीचं पत्र आलं, असलं काही. मी ऐकायचो.

पुसून झालं की ट्रक गल्लीतून खाली यायचा. तो तोंडाशी थांबायचा. हात्सुए बादली ठेवून गल्लीच्या तोंडाशी जायची, रस्त्यावर बघायची, मग माझ्यात बघायची, आणि हात हलवत म्हणायची, "ओराय, ओराय!" आमच्याकडे गाडीला वाट दाखवताना माणसं असंच म्हणतात. ये, ये, मोकळं आहे, असा त्याचा अर्थ. मग तोकुजी ट्रक बाहेर काढायचा.

एकदा तो खिडकीतून म्हणाला, "अगं, एवढे शिक्के गोळा करून आरसा आणलास ना? मग आता तू कशाला उभी राहतेस?"

"आरसा नुसता दाखवतो. बोलतो कुठे?"

"तू मात्र दोन्ही करतेस."

"करते म्हणून तुमचं चाललंय. निघा आता, संत्री वाट बघतायत."

मित्रांनो, इथे एक गोष्ट झाली, ती मला पुढे फार वर्षांनी कळली. हात्सुए "ओराय" म्हणायची, म्हणून तोकुजीला माझ्याकडे बघायची गरजच पडली नाही. पोस्टमनची दुचाकी, शाळेची बस, मासेवाल्याची गाडी, सगळे माझ्यात बघून जायचे. ज्याच्यासाठी मला आणलं तो मात्र कधीच बघत नसे. तो तिचा आवाज ऐकायचा आणि निघायचा.

अशी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं गेली. त्यांची मुलगी मिवाको लग्न होऊन शहरात गेली. हात्सुएचे केस पिकले, क्रेटवर चढताना ती माझा खांब धरू लागली. मग मला तिच्यात एक बदल दिसला. आधी ती ट्रकच्या उजवीकडे, तोकुजीच्या खिडकीशी उभी राहायची. आता ती डावीकडे उभी राहायला लागली. आधी एकदा बघायची, आता तीन-तीनदा बघायची. खोकला झाला तरी यायची, सर्दी झाली तरी यायची. मला वाटलं, म्हातारपणी माणसाची काळजी वाढते, तसं असेल.

गेल्याच्या गेल्या वर्षी, संत्र्यांना फुलं आली त्या दिवसांत, ती यायची थांबली. चौथ्या दिवशी गल्लीतून एक काळी लांब गाडी तिला शेवटचं घेऊन निघाली. निघताना तिनं एकदाच हॉर्न वाजवला, खूप लांब. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी कुणी "ओराय" म्हणायला नव्हतं.

सात आठवड्यांनी तोकुजीचा ट्रक खाली आला. डाव्या सीटवर पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी होती आणि पेटीला सीटचा पट्टा लावलेला होता. हात्सुएला टेकडीवर, बागेच्या वरच्या अंगाला, घराण्याच्या दगडाखाली ठेवायला तो निघाला होता. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. नुसता थांबला. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग त्याचे ओठ हलले. तो स्वतःच, हळू आवाजात, "ओराय" म्हणाला आणि निघाला.

त्यानंतर रोज तेच. सकाळी आठला ट्रक यायचा. डाव्या सीटवर आता तिची गवताची टोपी असायची, थर्मास असायचा, कधी फुलं. टेकडीवर जायला गाडीचा रस्ता किनाऱ्यानं वळसा घालून जातो, तीन किलोमीटर. ट्रक थांबायचा. "ओराय," तोकुजी म्हणायचा. माझ्याकडे न बघता, डाव्या सीटकडे बघून म्हणायचा. आणि निघायचा. मोठमोठ्या गाड्या त्याच्या नाकासमोरून हॉर्न वाजवत गेल्या. मला तोंड असून आवाज नाही. मी दाखवत होतो, आणि तो बघत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर मी तरी काय दाखवत होतो? मला पुसणारं आता कुणी नव्हतं. शरद ऋतूतल्या वादळानं माझ्यावर मिठाचा थर चढवला. कोळ्यानं डावी कड बळकावली. कावळ्यांनी त्यांचं जे काय असतं ते केलं. वर्षभरात मी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा झालो. येणारी गाडी म्हणजे नुसता एक सरकता डाग.

पुढच्या उन्हाळ्यात मिवाको आली. तिनं बापाच्या ट्रकला सगळीकडे पोचे बघितले. ती दुकानातून एक चुंबकाचं चिन्ह घेऊन आली, चार रंगांच्या चार पानांचं. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्यांनी ते गाडीला लावायचं असतं, म्हणजे बाकीचे सांभाळून घेतात. गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, बाप शेजारी होता, तिथेच तिनं ते ट्रकच्या पुढे लावलं. तोकुजीची शेजारीण तोमे तिथूनच चालली होती. तोमे चौऱ्याऐंशी वर्षांची, तोकुजीहून तीन वर्षांनी मोठी, हात्सुएची जिवाभावाची मैत्रीण. ती कंबरेत वाकलेली आहे, म्हणून चार चाकांची ढकलगाडी पुढे धरून चालते. ती चिन्हाकडे बघून हसली.

"आधीचं चिन्ह वाळक्या पानासारखं होतं. म्हातारे चिडले, म्हणून सरकारनं चार ताजी पानं दिली. पानं बदलली, म्हातारे तेच!"

"मला नको ते," तोकुजी म्हणाला. "मी परीक्षा पास झालोय. सोळा चित्रं दाखवतात आणि नंतर आठवायला सांगतात. मी तेरा सांगितली. तेरा! तुला येतील का, मिवाको?"

"बाबा, चित्रं आठवली म्हणून खांब चुकवता येतो असं नाही. हा पोचा कसला?"

"तो खांबच तिथे नको होता."

"आणि हा?"

"तो जुना आहे."

"मागच्या वेळी नव्हता. बाबा, तुम्ही लायसन्स परत करा. आता पुष्कळ लोक करतात. पोलीस ठाण्यात जायचं, द्यायचं, ते कागद देतात, त्यावर बसचं भाडं अर्धं होतं."

"बस दिवसातून दोनदा येते आणि टेकडीवर जातच नाही. तुझी आई टेकडीवर आहे."

मिवाको गेल्यावर तोकुजीनं ते चिन्ह काढलं आणि ट्रकच्या मागच्या फळीला आतून लावलं. तिथे ते फक्त संत्र्यांना दिसायचं.

मग नोव्हेंबर आला, तोडणीचा महिना. ऊन सकाळी तिरपं येतं. त्या दिवशी ट्रक आठला आला, थांबला. डावीकडून, बांधाला धरून, तोमे ढकलगाडी घेऊन येत होती. गाडीत संत्र्यांची पिशवी होती. ती माझ्यात होती मित्रांनो, मिठाच्या थरामागे, एका डागाएवढी. तोकुजी डाव्या सीटकडे वळला.

"ओराय," तो म्हणाला.

आणि निघाला.

ढकलगाडीचा कडकड आवाज झाला. चाकं वाकडी झाली. तोमे मागच्या मागे कडेच्या गवतात बसली. संत्री रस्ताभर घरंगळली, काही माझ्या पायाशी येऊन थांबली. तोकुजी दार उघडून धावत उतरला, म्हणजे त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"तोमे-सान! तोमे-सान, लागलं का? कुठे लागलं?"

तोमेनं आधी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग हात हलवून बघितला. मग म्हणाली, "मला मारायचंच होतं तर आदल्या दिवशी सांगायचंस. मी धुतलेला कोट घातला असता."

तोकुजीला हसू आलं नाही. तो रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि डोकं जमिनीला टेकवून माफी मागू लागला.

"ऊठ रे बाबा," तोमे म्हणाली. "तू असाच बसलास तर दुसरी गाडी येऊन आपल्या दोघांना उडवेल. आधी ती संत्री उचल."

तोमेचं मनगट सुजलं, बाकी काही झालं नाही. पोलीस आले. त्यांनी विचारलं, दिसली नाही का? तोकुजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या आरशात काही दिसतच नाही. बघा ना. कोण पुसतंय त्याला?"

मित्रांनो, एकतीस वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा आळ आला. तो सगळा खोटा असता तर मी मनाला लावून घेतला नसता.

रविवारी मिवाको आली. आज ती भांडायला आली होती, आणि दोघं नेमके माझ्यासमोरच भांडले, कारण ती बापाला जागा दाखवायला घेऊन आली होती.

"किल्ली द्या, बाबा."

"नाही."

"तोमे काकू मेल्या असत्या!"

"आरसा घाण होता. आरसा स्वच्छ असता तर मला दिसल्या असत्या. हे नगरपालिकेचं काम आहे."

"नगरपालिकेचं? आरसा आई पुसायची, बाबा. रोज. तुम्ही दीड वर्षात एकदा तरी फडकं फिरवलंत?"

तोकुजीनं मान खाली घातली. मिवाकोचा आवाजही मग उतरला. "पुढच्या रविवारी मी परत येते. तेव्हा मला उत्तर द्या. मला फोन आला की छातीत धस्स होतं. प्रत्येक फोनला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला नाही. तोकुजी चालत आला. त्याच्या एका हातात तोच क्रेट होता, दुसऱ्या हातात बादली, खांद्यावर बांबू. फडकं वाळून लाकडासारखं झालं होतं, ते त्यानं बराच वेळ पाण्यात भिजवलं. मग माझा खांब धरून तो क्रेटवर चढला. एकतीस वर्षांत त्याचं तोंड मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. दाढी वाढली होती. खालचा ओठ त्यानं दातात धरला होता. त्यानं कोळ्याचं जाळं काढलं, मीठ घासलं, कावळ्यांची कृपा धुतली. ओलं फडकं, मग कोरडं. तिच्यासारखंच, पण न बोलता.

त्याला मला स्वच्छ करायचं होतं ते दोष माझा होता हे सिद्ध करायला. मला ते कळत होतं. तरी पण मित्रांनो, इतक्या दिवसांनी कुणी पुसलं की बरं वाटतं. समोरची टेकडी माझ्यात पुन्हा उमटली, तिच्यावरची पिवळी संत्री दिसली, आणि अगदी वरच्या कडेला घराण्याचा तो राखाडी दगडही.

तेवढ्यात तोमे आली. तोकुजीनं तिला नवी ढकलगाडी आणून दिली होती, लाल रंगाची.

"तोमे-सान, एक काम कराल? त्या वळणावर, बांधाच्या मागे जाऊन उभ्या राहा. परवा होतात तिथे. मी ट्रक आणतो."

"पुन्हा?" तोमे म्हणाली. "परवा राहून गेलं म्हणून?"

"इंजिन चालू करणार नाही. उतार आहे, तोंडाशी आणून थांबवतो आणि चाकाखाली दगड लावतो. मला फक्त बघायचंय. आरशात."

तोमे ढकलगाडी वळवून वळणामागे गेली. ट्रक हळूहळू उतरून तोंडाशी आला. तोकुजीनं उतरून चाकाखाली दगड लावला, मग आत बसला. आणि मी इथे उभा राहिल्यापासून पहिल्यांदा ट्रकमधून त्यानं माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे.

तोमे माझ्यात होती. लाल ढकलगाडी, निळा कोट, डोक्यावर पांढरा रुमाल. सगळं लख्ख. माझ्यात बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, जिथे असायला हवी तिथेच ती होती.

"तोमे-सान, पोचलात का?" तोकुजीनं खिडकीतून हाक मारली.

"केव्हाची उभी आहे!"

"मग जरा पुढे या."

ती पुढे आली. माझ्यात ती मोठी झाली.

"या ना पुढे!"

"अरे आलेय की! हात हलवतेय, दिसत नाही का?"

तोकुजीनं डोळे चोळले. चष्मा काढून पुसला, परत घातला. तो माझ्याकडे बघत होता, अगदी मन लावून बघत होता, आणि ती बाई माझ्यात दोन्ही हात वर करून उभी होती. मी याहून जास्त काही करू शकत नव्हतो. मी पूर्ण दाखवत होतो.

मग त्यानं मान डावीकडे फिरवली, खूप फिरवली, खांद्यापर्यंत. आणि दचकला. तोमे ट्रकच्या नाकापासून चार हातांवर होती.

समुद्राचा आवाज तेवढा येत होता. तोकुजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"आरसा स्वच्छ आहे," तो शेवटी म्हणाला.

"आहे," तोमे म्हणाली. ती ट्रकच्या उजवीकडून वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली. "तोकुजी, तुला एक सांगायचंय. हात्सुएला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं. ताटात डावीकडे ठेवलेली लोणच्याची बशी तू हात न लावता तशीच सोडून उठायचास. तिला वाटलं, लोणचं बिघडलं. मग तिनं बशी उजवीकडे ठेवली, तर तू सगळं खाल्लंस. तेव्हापासून ती सगळं उजवीकडे ठेवायची. आणि ट्रकपाशी ती डावीकडे उभी राहायची."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं ती डावीकडे का उभी राहायची.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तोकुजीनं विचारलं.

"ती म्हणाली, ट्रक गेला तर ते घरात बसून वाळतील. मी आहे ना त्यांची डावी बाजू, म्हणाली. मी गप्प बसले. ती गेल्यावर तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. गवतात पडले तेव्हा वाटलं, ही माझी मलाच शिक्षा."

तोकुजीनं डाव्या सीटवरची टोपी उचलली आणि मांडीवर घेतली. "मग मी तिच्याकडे जाऊ कसा?"

"ती कशी जायची?"

"कुठे?"

"बागेत! तुझा दुपारचा डबा काय ट्रकमधून यायचा? ट्रक तर सकाळीच तू घेऊन जायचास. तुझ्या घरामागून जुन्या पायऱ्या आहेत, थेट वरपर्यंत. दोनशे चौदा. तिनं मोजल्या होत्या. चाळीस वर्षं ती त्या पायऱ्यांनी चढली. तुला डबा गरम कसा मिळतो, हे तू कधी विचारलंसच नाहीस."

"माझे गुडघे—"

"माझे धड आहेत? बसत बसत जायचं. घाई कुणाला आहे? ती काही कुठे निघून जात नाही."

या वेळी तोकुजी हसला. हसता हसता त्यानं टोपीत तोंड घातलं. तोमे दुसरीकडे बघत उभी राहिली.

मग ट्रक परत गल्लीत घ्यायचा होता, उलटा, चढावर. "मी आहे मागे," तोमे म्हणाली आणि ढकलगाडी माझ्या खांबाला टेकवून गल्लीत गेली. तोकुजीनं दगड काढला, इंजिन चालू केलं.

"ओराय," तोमेचा आवाज आला. "ओराय... ओराय..."

ट्रक दोन हात मागे गेला आणि थांबला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द तोकुजीनं दीड वर्षानं ऐकला होता. काचेवर ऊन चमकत होतं, त्याचा चेहरा मला दिसला नाही. ट्रक बराच वेळ तसाच उभा होता. तोमेनं घाई केली नाही. ती पुन्हा म्हणाली, "ओराय," आणि ट्रक हळूहळू वर गेला.

त्या संध्याकाळी तोकुजीनं मिवाकोला स्वतः फोन केला, रविवारची वाट बघितली नाही. हे पुढचं मला त्यानंच नंतर पुसताना सांगितलं. ती धावत आली, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डाव्या बाजूचं दिसणं थोडं थोडं करत गेलं होतं, आणि थोडं थोडं गेलं म्हणून त्याला कळलं नव्हतं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं औषधानं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. तिथूनच दोघं पोलीस ठाण्यात गेले. परत आल्यावर तोकुजीनं तोमेला नवं कार्ड दाखवलं.

"साठ वर्षं चालवल्याचा हा दाखला. बसचं भाडं अर्धं."

"बस दिसली की मलाही दाखव," तोमे म्हणाली.

पांढरा ट्रक खालच्या वस्तीतल्या एका बागाईतदारानं नेला. नेण्याआधी तोकुजीनं टोपी काढून घेतली, आणि मागच्या फळीच्या आतून ते चार पानांचं चिन्ह. ते हातात घेऊन तो माझ्याकडे आला, आणि माझ्या लोखंडी खांबावर त्यानं ते ठप्पकन लावलं.

"राहू दे," तो मला म्हणाला. "तूही आता म्हातारा झालास. लोक सांभाळून घेतील."

ते चिन्ह अजून माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, मला त्याची लाज वाटत नाही.

तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस गाडी चालवत असेल. त्याच्या हातातून किल्ली हिसकावू नका. आधी त्याच्याबरोबर एकदा वळणावर उभे राहा. तुम्हाला काय दिसतं आणि त्याला काय दिसतं, हे दोघं मिळून बघा. आणि दिसत नसेल तर सांगा. प्रेमापोटीसुद्धा गप्प राहू नका. हात्सुएनं प्रेमापोटीच लोणच्याची बशी सरकवली होती, आणि तिच्या प्रेमात काही खोट नव्हती, पण ती गेल्यावर ती बशी कुणी सरकवायची? त्या माणसाला कुठे जायचं असतं तेही विचारा. बहुतेक वेळा त्याला गाडी नको असते, कुणाकडे तरी पोचायचं असतं. आणि तुमच्या वळणावर माझा एखादा भाऊ उभा असेल, तर येता-जाता त्याच्या तोंडावरून फडकं फिरवा.

तोकुजी आता रोज सकाळी येतो. क्रेट ठेवतो, खांब धरून चढतो, मला पुसतो. हल्ली पुसताना बोलतो. आमटीत मीठ जास्त झालं, मिवाकोचा फोन आला, असलं काही. त्याचं तोंड माझ्याकडे असतं आणि टेकडी त्याच्या पाठीमागे, म्हणून माझ्या वरच्या कडेचा तो राखाडी दगड बहुतेक त्याच्या लक्षात येत नाही. मग तो फडकं पिळतो, मान खांद्यापर्यंत डावीकडे फिरवून बघतो, उजवीकडे बघतो, आणि रस्ता ओलांडून पायऱ्यांकडे जातो. काही दिवस तो अर्ध्यावर बसून परत येतो. काही दिवस वरपर्यंत जातो, तोमे बरोबर असली तर हमखास. मी त्याला चढताना बघत राहतो, संत्र्यांच्या झाडांत त्याची पाठ लहान लहान होत जाते.

ती टेकडी माझ्यात फार लांब दिसते. पण मी आधीच सांगितलं आहे, माझ्यात सगळं आहे त्याहून लांब दिसतं.